वजनाचा तक्ता भिंतीवरून काढा, बाई

निपाणी भागातल्या एका अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या बाईंचं हे पत्र. गावाचं आणि शाळेचं नाव गाळून त्याचा गोषवारा देते.

आठवी ते दहावीच्या मुलींसाठी बाईंनी जूनपासून एक आरोग्य मंडळ चालवलंय. मुलींच्या आया बहुतेक बिड्या वळणाऱ्या, काही तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या. दर महिन्याला वर्गात वजन घेऊन ते भिंतीवरच्या तक्त्यावर नावापुढं मांडायचं, आठवड्यातून तीन दिवस शेवटच्या तासाला मैदानाला फेऱ्या मारायच्या, आणि ‘काय खावं, काय खाऊ नये’ असा एक छापील कागद घरी न्यायचा, असा कार्यक्रम. सहा महिन्यांनी फेऱ्यांच्या वेळी निम्म्या मुली पोट दुखतंय म्हणून बसून राहतात. लोहाच्या निळ्या गोळ्या कुंपणापलीकडच्या गवतात सापडतात. मोठ्या मुली शाळेतलं जेवण घेत नाहीत, गेटबाहेरची पाच रुपयांची पाकिटं खातात. एक आई शाळेत येऊन भांडून गेली, ‘पोरगी घरात सकाळधरनं राबतीया, आन् तुमी तिला वर पळवतायसा व्हय?’ आणि तक्त्यात ज्या मुलीचं वजन सगळ्यात जास्त होतं तिनं दुपारचं जेवणच सोडलं. गेल्या आठवड्यात ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. बाई विचारतात, ‘मुलींना आरोग्याचं महत्त्वच कळत नाही, आयांनाही नाही. मंडळ बंद करू, की आणखी कडक होऊ?’

बाई, नमस्कार.

बाकी सगळं नंतर, आधी त्या चक्कर येऊन पडलेल्या पोरीचं. हे उत्तर वाचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुली वर्गात यायच्या आत, तो वजनाचा तक्ता भिंतीवरून काढा. मुलींसमोर काढू नका आणि त्यावर भाषणही नको. मग तिला एकटीला गाठा. नळापाशी, व्हरांड्यात, कुठंही, फक्त स्टाफरूममध्ये बोलावू नका. तिला सांगा, ‘तुझं वजन सगळ्यांसमोर लिहिलं, ती माझी चूक झाली.’ एवढं वाक्य पुरे. ‘तू कुठं जाड आहेस गं’ असं समजावत बसलात की बोलणं पुन्हा जाडी-बारकीवरच येतं. त्यापेक्षा विचारा, सकाळी काय खाल्लंस, रात्री किती वाजता जेवलीस, झोप लागते का, पाळी वेळेवर येते का. चक्कर आली आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आईला सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती जेवणाला घाबरतेय, घास लपवून टाकतेय, पाळी थांबलीय असं काही दिसलं, तर त्याला नखरा म्हणू नका. तो आजार असतो आणि त्यावर उपचार असतात. 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, तिथं पैसे न देता बोलता येतं. पुढं काय करायचं हे तुम्हीही तिथं विचारू शकता.

आता तुमचा प्रश्न. ‘महत्त्वच कळत नाही’ या तुमच्या वाक्यापाशी मी अडखळले.

मी खानापूर तालुक्यातल्या शाळेत शिकले. पीटीच्या तासाला मुलगे व्हॉलीबॉल खेळायचे आणि आम्ही मुली चिंचेखाली बसून त्यांच्या चपला राखायचो. ‘व्यायामाचे फायदे लिहा’ या प्रश्नाला आम्हालाच पैकीच्या पैकी मार्क पडायचे. एकदा चेंडू घरंगळत आमच्यापर्यंत आला. मी तो उचलला, ओढणी कमरेला खोचली आणि हात मागं नेला, तर पलीकडून सर ओरडले, ‘ए, नुसता टाक इकडं!’ मी तो जमिनीवरून सरकवून दिला. आज इतकी वर्षं झाली, त्या चेंडूचं वजन हाताला आठवतं. आम्हाला महत्त्व कळत होतं, बाई. चेंडू मिळत नव्हता.

तुमच्या मुलींचंही तसंच काहीतरी असेल, असं समजून सुरुवात करून बघा.

वजनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ही चूक तुमची एकटीची नाही, फार शाळांत होते. आरोग्य म्हणजे वजन कमी करणं ही कल्पना जिथून आली, तिथंही ती फारशी फळलेली नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात, कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधल्या 12 शाळांत 357 किशोरवयीन मुलींना घेऊन एक नीट आखलेला अभ्यास झाला. त्याचे वर्षभराचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. खेळाचे तास वाढवले, आहाराच्या कार्यशाळा घेतल्या, पावलं मोजायची यंत्रं दिली, मोबाइलवर संदेश पाठवले. वर्षानंतर उंची-वजनाच्या गुणोत्तरात म्हणावा असा फरक पडला नाही. पण ज्या शाळांत कार्यक्रम नव्हता तिथल्या मुलींच्या तुलनेत या मुलींचा टीव्ही-कॉम्प्युटरपुढचा वेळ दिवसाला साधारण अर्ध्या तासानं कमी निघाला. आणि मधल्या सुट्टीत ठेवलेल्या व्यायामाला तिथंही थोड्याच मुली यायच्या. तेव्हा निम्म्या मुली फेऱ्यांना बसून राहिल्या म्हणून स्वतःला नापास ठरवू नका. तिकडं पैसा होता, प्रशिक्षित माणसं होती, आणि तरी वजनाचा काटा हलला नाही. तुम्ही मात्र तोच काटा मंडळाच्या मधोमध ठेवलात.

त्यात आपल्याकडचा प्रश्न निराळा. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं, म्हणजे हिमोग्लोबिन 12 च्या खाली. तुमच्या वर्गातल्या दहाजणींपैकी पाच-सहा जणी अशा असतील असं धरूनच चाला. त्यांत बारीक मुली असतील तशा गुटगुटीतही असतील. वजन जास्त असून रक्त कमी असणं यात काही विशेष नाही. चहा-बटर, भात, पाच रुपयांचं पाकीट यांवर दिवस काढला तर वजन वाढतं आणि रक्त उतरतं, दोन्ही एकाच वेळी. तुमचा काटा त्या मुलीला ‘कमी खा’ म्हणून सांगत होता. तिचं शरीर कदाचित नेमकं उलटं मागत होतं.

आणि रक्त कमी असलेल्या मुलीला फेऱ्या मारायला लावल्या तर तिला धाप लागते, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. ती सगळ्यांसमोर ‘मला दम लागतो’ म्हणणार नाही. पोट दुखतंय म्हणेल. काहींची पाळी असेल, शाळेत बदलायला जागा नसेल, नळाला पाणी नसेल. त्या निम्म्या मुलींतल्या किती जणी खरोखर बहाणा करत होत्या, हे मला तरी सांगता येणार नाही. म्हणून क्रम बदला: आधी ताट, मग रक्त, आणि मैदान त्याच्याबरोबरीनं, हळूहळू.

ताटाचं आधी घेऊ, कारण तुमच्या हातात सगळ्यात जास्त तेच आहे.

तुम्ही जोडलेला कागद वाचला. सफरचंद, बदाम, पनीर, सॅलड. बाई, हा कागद ज्या घरी गेला त्या घरातली आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते, आणि संध्याकाळी हातात आलेल्या पैशातून तेल-मीठ आणते. तिनं तो वाचून घडी घातली असेल आणि मनात म्हणाली असेल, आमच्यानं हे होणार नाही. आरोग्य हे पैसेवाल्यांचं काम आहे, असंच तो कागद तिला सांगून गेला. उलट तिच्या चुलीवर जे होतं त्यात काय कमी आहे? जोंधळ्याची भाकरी, हुलग्याचं माडगं, मोडाची मटकी, शेंगाचटणी, तांदळी, राजगिरा, शेवग्याचा पाला. खानापूरकडच्या घरात नाचणी. यातलं एकही नाव तुमच्या कागदावर नाही. नवा कागद मुलींकडूनच करून घ्या. ‘आमच्या घरी या आठवड्यात काय शिजलं’ एवढंच लिहून आणायला सांगा, आणि त्यातल्या कशात लोह आहे, कशात डाळीचं बळ आहे ते वर्गात खुणा करून दाखवा. जोडीला दोनच गोष्टी शिकवा. जेवणाबरोबर लिंबू, पेरू किंवा आवळा असला तर अन्नातलं लोह अंगी जास्त लागतं. आणि जेवणाला लागून चहा घेतला तर ते कमी लागतं, म्हणून चहा तासभर तरी पुढं ढकलायचा. दोन्हींना पैसा फारसा पडत नाही.

आणखी एक गोष्ट आयांना सांगायची, आणि ती आकड्यानं सांगा. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलाला दिवसाला 22 मिलिग्रॅम लोह लागतं आणि त्याच वयाच्या मुलीला 30. आमटीतली खालची घट्ट डाळ मात्र भावाच्या ताटात जाते आणि वरचं पाणी बहिणीच्या. हे कुणी दुष्टपणानं करत नाही, हात आपोआप तसा वळतो. आकडा ऐकला की तो थोडा थबकतो, हे मी बघितलंय.

आता शाळेतलं जेवण. अक्षरदासोह, म्हणजे कर्नाटक सरकारची दुपारच्या जेवणाची योजना, तुमच्या शाळेत दहावीपर्यंत आहे. सकाळी क्षीरभाग्य योजनेतलं दूध, आठवड्यातले काही दिवस त्यात रागी म्हणजे नाचणीचं माल्ट. 2024 पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्यातले सहाही दिवस अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. ज्या घरात अंडं महिन्यातून एखाद्या वेळी येतं, त्या घरातल्या मुलीला आठवड्याला सहा अंडी मिळू शकतात. आणि ती ती घेत नाही. का? तुम्ही लिहिलंय, ‘बाहेरच्या चटकेची सवय.’ थोडं खरं असेल. पण नववीतल्या मुलीला रांगेत थाळी घेऊन उभं राहायची लाज वाटते, हे त्याहून मोठं कारण असावं. लहानपणी ते जेवण सगळ्यांचं असतं, आणि चौदाव्या वर्षी ते ‘ज्यांच्या घरी नाही त्यांचं’ होऊन बसतं. पलीकडं मुलगे बघत असतात. कुणीतरी हसतं.

यावर मला एकच उपाय माहीत आहे आणि तो तुमच्यापासून सुरू होतो. वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची असा नियमच आहे. तुम्ही चव घेऊन थांबू नका. थाळी घ्या, रांगेत उभ्या राहा, मुलींच्या पंक्तीत मांडी घालून जेवा. एखादा दिवस नाही, महिनाभर रोज. शक्य असेल तर आणखी एक-दोन बाईंना सोबत घ्या. मोठ्या मुलींना वाढायचं काम द्या. वाढणारी मुलगी शेवटी आपलं ताट वाढून घेतेच. आमटी पाणचट असेल तर स्वयंपाकाच्या मावशींना मुलींदेखत बोलू नका, शाळेच्या समितीच्या बैठकीत विषय काढा. पालेभाजी आणि लिंबू यांची सोय गावातूनही होते, परसात शेवगा असलेली घरं पुष्कळ असतात. माळकरी किंवा लिंगायत घरातल्या मुलीला अंड्यासाठी कुणी चिडवत नाही ना, किंवा केळं घेते म्हणून हसत नाही ना, एवढं बघा. घरी चालत नसेल तर तिला आडून अंडं खायला लावू नका. उद्या ते घरी कळलं तर तुमच्यावरचा विश्वास जाईल आणि मंडळही जाईल.

निळ्या गोळ्यांचं थोडक्यात. आठवड्याला एक गोळी, त्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, दुसऱ्या दिवशी शौच काळी होते, आणि मुली घाबरतात. कुणी त्यांना हे आधी सांगितलेलं नसतं. गोळी जेवणानंतर द्या, दुधाबरोबर देऊ नका, दुधानं तिचा उपयोग कमी होतो. शौच काळी होणं हे गोळीचंच लक्षण आहे, त्यात भ्यायचं काही नाही, हे मुलगे नसताना मोकळेपणानं सांगा. आणि तुम्हीही त्यांच्यासमोर एक गोळी घ्या. अर्थात तुमच्या डॉक्टरांची काही हरकत नसेल तर. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टची जंतांची गोळी चुकवू नका, पोटात जंत असतील तर खाल्लेलं रक्ताला लागत नाही.

मोजमापाबद्दल म्हणाल तर, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. वजन, उंची, रक्त सगळं त्यांनाच करू द्या, आणि एका वेळी एक मुलगी, पडदा लावून. आकडा तिच्या कार्डावर जाईल, भिंतीवर नाही. ज्यांचं रक्त फार कमी निघेल त्यांचा दवाखान्यापर्यंत पाठपुरावा करणं हे तुमच्या मंडळाचं खरं मोठं काम ठरेल.

भांडून गेलेल्या आईकडं येते. ती अर्धी बरोबर आहे, बाई. तिची मुलगी पहाटे उठून पाणी भरते, भांडी घासते, शाळेतून गेल्यावर पानं कापते, बिडीला दोरा बांधते. संध्याकाळपर्यंत तिचा जीव दमलेला असतो. त्यावर शेवटच्या तासाला पळायला लावणं म्हणजे थकव्यावर थकवा. जी अर्धी गोष्ट त्या आईला दिसत नाही ती ही, की घरकामात पाठ वाकते, खांदे आखडतात, पण धावल्यानं, उड्या मारल्यानं छातीचा भाता जसा चालतो तसा चालत नाही, आणि त्यात हसू तर नसतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनेनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून तीनदा स्नायू-हाडं बळकट होतील असं काही. हे तिला शाळेत बोलावून ऐकवू नका. दोन-तीन घरी स्वतः जा, बिड्या कारखान्यात देऊन बायका परतल्यावर. त्या सूप घेऊन बसतील तिथंच बसा. आधी त्यांच्या कंबरेचं, खोकल्याचं ऐका. याच निपाणीत तंबाखूच्या आणि बिडीच्या बायकांनी मजुरीसाठी संघटना उभी केली, संप केले. त्यांतल्या काही आता तुमच्या मुलींच्या आज्या आहेत. त्यांना शहाणपण शिकवायला जाऊ नका, मदत मागायला जा. आणि ओळख झाल्यावर, पहिल्याच भेटीत नव्हे, बिडीचं काम मुलींच्या हातून निदान आठवडाभरात दोन संध्याकाळी तरी सुटेल का, हे विचारा. तंबाखूची ती धूळ वाढत्या वयाच्या पोरींच्या नाकातोंडात जाऊ नये, हे आयांनाही वाटतंच. वाटत असूनही त्यांना ते परवडत नाही.

मैदानावर फेऱ्या बंद करा. गोल गोल पळणं कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. लंगडी, खो-खो, दोरीउड्या, कबड्डी घ्या. पंचमी आणि गौरीच्या दिवसांत तर झिम्मा-फुगडी. दहा मिनिटं बसफुगडी घालून बघा, मांड्या दुसऱ्या दिवशी बोलतात. वेळ शेवटच्या तासाची नको, त्या तासाला मुलींचं लक्ष एसटीकडं आणि घरच्या पाण्याकडं असतं. जेवणाच्या सुट्टीआधीची वीस-पंचवीस मिनिटं घ्या, खेळून भूकही लागते. वेळापत्रकातले पीटीचे तास एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या नावाखाली गणिताला जात असतील तर मुख्याध्यापकांकडून ते परत मागा. मुलगे मैदानावर असतील तर मुलींना इमारतीमागची जागा द्या. पीटीचे सर शिकवतील, पण तुम्ही तिथं उभ्या राहा, आणि ओढणी काढून ठेवायची मुभा तोंडानं द्या. नुसतं गृहीत धरलं तर कुणी काढणार नाही. पाळी असलेल्या मुलीला कारण न विचारता बसू द्या. तिला खेळायचं असेल तर तेही चालेल. कप्तान मुलींनी निवडायची. आणि बेळगावच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीच्या प्रकारात ब्राँझ पदक आणलं, ते कात्रण तक्त्याच्या रिकाम्या जागी लावा. आपल्याच मातीतली पोर आहे.

गेटबाहेर पाकिटं विकणाऱ्या आजीला हाकलू नका. तळलेलं, खारट, गोड असलं पाकीटबंद खाणं शाळेपासून 50 मीटरच्या आत विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमानं मनाई आहे, ते खरं. पण तिचंही पोट त्याच टोपलीवर आहे. उकडलेल्या शेंगा, चिरमुरे, पेरू, बोरं ठेवलीस तर आम्ही रोज घेऊ, असं तुम्ही आणि दोन शिक्षकांनी तिला सांगा. आणि खरंच रोज घ्या.

मंडळ बंद करू नका, कडकही होऊ नका. मार्चमध्ये वर अहवाल द्यावा लागेल तेव्हा त्यात वजन घटल्याचा रकाना ठेवू नका. रोज किती मुली पंक्तीत जेवल्या, किती जणींनी गोळी गिळली, किती जणींचं रक्त तपासलं आणि किती जणींचं वाढलं, किती मुली खेळायला उतरल्या, एवढं लिहा. आणि त्या मुलीला, तिची तब्येत सावरल्यावर आणि तिची इच्छा असेल तर, वाढपाच्या तुकडीत पहिल्या दिवशीच घ्या. अंड्यांची बुट्टी तिच्या हातात द्या.